बसाचं काम

तुळशीराम भाऊ चौथऱ्यावर चढले की आधी खुर्ची फिरवायचे.

ती खुर्ची मी मांडलेली असायची. वर्ग भरण्याआधी येऊन, खिडकीचा उजेड कुठून किती येतो ते पाहून, पायांभोवती खडूच्या खुणा करून. चंद्रपुरातल्या एका चित्रकला महाविद्यालयात पंचवीस वर्षं मी हेच करत आलो आहे : समोर माणूस बसवायचा आणि मुलांना त्याचं चित्र काढायला शिकवायचं. त्या बसणाऱ्या माणसाला आम्ही मॉडेल म्हणतो. इतक्या वर्षांत एकाही मॉडेलनं माझ्या खुर्चीला हात लावला नव्हता. तुळशीराम भाऊ मात्र यायचे, चपला चौथऱ्याखाली काढायचे, सदऱ्याची घडी घालून ठेवायचे, तोंडावरचा दुपट्टा सोडून खुंटीला टांगायचे, आणि माझ्या खुणांकडे ढुंकूनही न बघता खुर्ची उचलून अशी ठेवायचे की जास्तीत जास्त मुलांना त्यांची डावी बाजू दिसावी. मग बसायचे. पुढची पंचेचाळीस मिनिटं चौथरा हलला तर हलेल, भाऊ हलायचे नाहीत.

डावी बाजू अस्वलानं फाडलेली होती.

त्या चेहऱ्याचं वर्णन करायला हवं, कारण तुम्ही तो पाहिलेला नाही, आणि समोर आला असता तर बहुधा नजर वळवली असती. मीही वळवली होती. डावा डोळा नव्हता. तिथे ओढून शिवलेली कातडी होती. गाल आत गेलेला. वरचा ओठ नाकपुडीकडे खेचलेला, त्यामुळे दोन दात कायम उघडे. नाकाची एक कड नाहीशी झालेली. खाली खांद्यापर्यंत नखांचे जुने व्रण. आणि उजवी बाजू मात्र पन्नाशीतल्या, धानाच्या बांधीत राबलेल्या, चांगल्या ठसठशीत माणसाची. मिशीसुद्धा त्या बाजूला झोकदार होती.

आमची पहिली भेट मार्कंड्याला झाली. दर हिवाळ्यात मी मुलांना तिथे स्केचिंगला नेतो. वैनगंगेच्या काठी देवळं आहेत, भिंतींवर खालपासून वरपर्यंत मूर्ती, आणि उन्हापावसानं त्यातल्या कितीतरी मूर्तींची नाकं, हात, तोंडं झिजून गेलेली. त्या दिवशी सकाळपासून एक माणूस मुलांच्या मागे उभा राहून बघत होता. तोंडाला दुपट्टा, उघडा एकच डोळा. थंडीचे दिवस, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. निखिल नावाचा आमचा एक विद्यार्थी, हात भलताच चांगला, तीन तास एका नाक तुटलेल्या मूर्तीपुढे बसून होता. शेवटी त्या माणसानं मला विचारलं,

"सर, हे पोट्टे सकारपासून त्या तुटल्या नाकाकडे काऊन पाहून राह्यले?"

मी मास्तरी थाटात सांगितलं, की अखंड नाक कुणालाही काढता येतं, तुटलेलं काढायला नीट बघावं लागतं. आणि तुटलं म्हणून रूप जात नाही.

"माणसाचं काढता का?"

"काढतो की. कॉलेजात माणूस समोर बसवूनच शिकवतो."

"तुटका चालते?"

आणि त्यांनी दुपट्टा सोडला. मी नदीकडे बघू लागलो. रूप जात नाही म्हणून नुकतंच सांगणारा मी. निखिल मात्र वहीचं पान उलटून म्हणाला, "भाऊ, जरा उजेडाकडे फिरा ना."

पुढच्या सोमवारी तुळशीराम भाऊ बसनं दोन तासांचा प्रवास करून चंद्रपुरात हजर झाले. त्यांचं गाव मार्कंड्यापासून कोसभरावर, गडचिरोली जिल्ह्यातलं. आम्ही आठवड्यातले तीन दिवस ठरवले.

पहिल्या दिवशी मी खुर्ची त्यांची उजवी बाजू मुलांकडे येईल अशी मांडली. मला वाटलं, मी फार सभ्यपणा केला. भाऊंनी खुर्चीकडे पाहिलं, मुलांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि खुर्ची उचलली.

"उजवी बाजू साऱ्यायलेच असते, सर. हे डावी माही एकट्याची व्हय. एवढ्या दुरून आलो तं तेच दाखवतो."

मुलं ज्या लाकडी बाकावर बसून चित्र काढतात त्याला आमच्याकडे डाँकी म्हणतात. 'डाँकी सरकव', 'माझी डाँकी कुणी नेली' असं वर्गात सारखं चाललेलं असतं. भाऊंनी दोन दिवस ऐकून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी मला बाजूला नेऊन गंभीरपणे म्हणाले, "सर, पोट्ट्यायले गाढव नोका मनू. मन लावून करून राह्यले बिचारे." मी खुलासा केला तेव्हा इतके हसले की उघड्या दातांमधून शिट्टीसारखा आवाज आला. तो आवाज ऐकून मुलंही हसली, आणि वर्गातली भीड पहिल्यांदा मोडली.

चित्रं मात्र खोटी यायची. मुलं चांगल्या घरची, चांगल्या मनाची. समोर फाटलेला गाल असायचा आणि कागदावर जरासा सुरकुतलेला. ओठ खाली आणलेला. निखिलनं तर त्या जागी चक्क डोळा काढला, अर्धा मिटलेला, झोपेत असल्यासारखा. सुटीत भाऊ एकेका डाँकीमागे थांबत फिरायचे. निखिलच्या मागे बराच वेळ थांबले.

"हे कोन व्हय?"

"तुम्हीच, भाऊ."

"नाई बाबू. हा माहा भाऊ असन. पन मले तं भाऊच नाई."

निखिल ओशाळला.

"मार्कंड्याच्या देवाले तू नाक लावून देल्लं होतं काय?"

"नाही."

"मंग मले डोरा काऊन लावतं?"

त्यांच्या गावाकडे 'ळ' म्हणायची पद्धत नाही. डोळा तो डोरा, काळा तो कारा. निखिलनं तो कागद काढून टाकला आणि नवा लावला. त्या दिवशी तो सुटीत बाहेर गेलाच नाही. पंचवीस वर्षं मी वर्गात 'बघा, नीट बघा' म्हणून घसा कोरडा करत आलो. भाऊंनी ते एका प्रश्नात करून टाकलं. मला थोडा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

मॉडेलचं काम वाटतं तितकं सोपं नाही. पंधरा मिनिटांत मान भरते, पायाला मुंग्या येतात, नाकावर माशी बसते. मी मॉडेल शोधत फिरलो की लोक म्हणतात, "नुसतं बसाचं? मंग काम काय?" आणि अर्ध्या तासात उठून पळतात. भाऊंचं न हलणं हा म्हणूनच वर्गात कौतुकाचा विषय झाला. एका मुलीनं विचारलं, तुम्हाला हे कुणी शिकवलं. भाऊ म्हणाले, "त्या काऱ्यानं."

'अस्वल' हा शब्द त्यांनी कधी उच्चारला नाही. रानात नाव घेतलं की तो येतो म्हणतात. चंद्रपुरात, पहिल्या मजल्यावर तो कसा येईल, असं मी एकदा चिडवलं, तर म्हणाले, "येत नाई, माहीत आहे. पन नाव घेऊन कायले पाहाचं?"

"मोहफुलं वेचून राह्यलो होतो," त्यांनी मुलांना सांगितलं. "सकारचा टाइम. खाली पाहून वेचाव लागते, नाई का. त्याले बी मोह पायजे, मले बी पायजे. तो मांगून आला. एक हात मारला अन् मी पडलो. पडलो तं पडलोच. मंग त्यानं हुंगलं, उलटवलं, अंगावर पाय देल्ला. मी हाललो नाई. हाललो असतो तं आज तुमच्यापुढं बसलो नसतो. तवा शिकलो. तुमचे पंचेचारीस मिन्टं काईच नाई."

भाऊंनी परत चौथऱ्यावर चढून विचारलं, "मान कुठी होती माही?"

हा माणूस एवढा खटाटोप कशासाठी करतो, हे मला दोनेक महिन्यांनी कळलं. आम्ही कँटीनमध्ये चहा घेत होतो. भाऊ चहा बशीत ओतून, उजव्या कोपऱ्यानं, भिंतीकडे तोंड करून प्यायचे. चौथऱ्यावर उघड्या चेहऱ्यानं बसणारा माणूस चहा भिंतीकडे तोंड करून पितो, हे मला विचित्र वाटायचं. मी तसं म्हटलं.

"वर्गातली सवय झाली. कँटीनची होऊन राह्यली. हरूहरू."

"पण सवय करायची कशासाठी?"

तेव्हा त्यांनी अश्विनीचं सांगितलं. एकुलती एक लेक. अस्वलाच्या वेळी आठ वर्षांची होती. नागपूरच्या दवाखान्यात पट्ट्या निघाल्यावर तिला भेटायला आणलं, तर ती किंचाळली आणि आईच्या पदरात घुसली ती बाहेर येईना. भाऊंनी त्याच दिवशी दुपट्टा बांधला. गावातच नव्हे, घरातही. झोपतानाही. तेरा वर्षं. लेक मोठी झाली, समजूतदार झाली, बापाशी बोलायची, पण बोलताना त्यांच्या हातांकडे बघायची. बायको जेवायला वाढायची, ताटाकडे बघायची.

"वाईट मनून नाई, सर. मले तकलीफ नोको मनून. पन तेरा वर्षं झाले, घरात माह्या तोंडाकडे कोनी पाह्यलं नाई."

अश्विनीचं लग्न चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावी ठरलं होतं. वैशाखात. त्यांच्याकडे नवरदेवाचे पाय मुलीच्या आईबापानं धुवायचे असतात. भाऊंच्या साळ्यानं, रामदासनं, सुचवलं होतं की पाय मामा-मामीनं धुवावेत, भाऊजींनी मागे राहावं. वऱ्हाडात लहान लेकरं असतात, भितात. रामदास वाईट नव्हता. सगळं लग्न तोच अंगावर घेऊन उभा होता.

"मी काईच बोललो नाई तवा," भाऊ म्हणाले. "पन मनात ठरवलं. पाय मीच धुईन, अन् उघड्या तोंडानं धुईन. लेक माही व्हय. नवा बैल एकदम गर्दीत नेला तं बुजते. आधी जू घालून फिरवाव लागते. मार्कंड्याले तुमचे पोट्टे पाह्यले अन् वाटलं, हे लोकं पाहाले भेत नाई. इथीच जू घालून घ्यावं."

म्हणजे आम्ही त्यांना कामाला लावलं नव्हतं. त्यांनी आम्हाला लावलं होतं.

आता गंमत अशी झाली, की घरी त्यांनी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. उघड्या तोंडानं तीस जणांपुढे बसतो, हे ज्या घरात दुपट्टा बांधून झोपायचं त्या घरात सांगायचं कसं? मग ते एवढंच म्हणायचे, "चंद्रपूरले बसाले जातो." आमच्या भागात 'बसणं' या शब्दाला दुसराही एक अर्थ आहे, तो जाणकारांना सांगायला नको. त्यात गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी, आणि चंद्रपुरातली बंदी उठलेली. रामदासनं हिशेब मांडला : भाऊजी आठवड्यातून तीन वेळा, सकाळची बस पकडून, जिल्हा ओलांडून बसायला जातात, आणि विचारलं तर लाजतात. झालं. आठवडाभरात गावभर झालं, पंधरा दिवसांत मूलच्या सोयऱ्यांच्या कानावर गेलं. मुलाच्या काकानं निरोप पाठवला, की सासरा असा असेल तर आम्हाला विचार करावा लागेल.

हे मला काहीच माहीत नव्हतं. एका बुधवारी अकराच्या सुमारास मी वर्गाबाहेर उभा होतो. पंजाबी ड्रेसमधली, विशीतली एक मुलगी, बसस्टँडपासून दुपट्टेवाल्या माणसाचा माग विचारत विचारत, जिना चढून आली. डोळे रडून लाल.

"तुमीच सर का? माहे बाबा इथी येतात मनते. तुरशीराम बाबा."

"हो, येतात ना!"

"बसाले?"

"हो. आत बसलेत आत्ता."

"आता? सकारीच?" तिनं भिंतीचा आधार घेतला. "कोनासंगं?"

"तीस जण आहेत," मी अभिमानानं सांगितलं. "तुझ्या वडिलांसारखं बसणारा माणूस मी पंचवीस वर्षांत पाहिला नाही."

"अन् तुमी त्यायले मना नाई करत?"

"मना कसं करीन? मीच तर बसवतो!"

ती खाली बसून हुंदके देऊ लागली, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी इतका गोंधळलो की समजावून सांगायचं सोडून दार उघडलं आणि म्हटलं, "तूच बघ."

चूक केली. दार उघडल्यावर कळलं.

दाराकडे भाऊंची उजवी बाजू होती. अश्विनीला दिसला तो ती आठ वर्षांची असतानाचा बाप, मिशीवाला, सरळ बसलेला, उघड्या अंगाचा. ती हसलीच. आणि भाऊंना ती दिसली. त्यांचा एकुलता डोळा तिच्यावर आला आणि थांबला. दुपट्टा खुंटीला होता, हात लांबवला असता तर मिळाला असता. त्यांच्या मांडीवरची बोटं हलली. चार महिन्यांत मी त्यांना हलताना पहिल्यांदा पाहिलं. मला वाटलं, आता उठतील. मी मनात म्हटलं, उठा भाऊ, घ्या तो दुपट्टा, माझ्या मूर्खपणाची शिक्षा तुम्हाला नको.

बोटं थांबली. भाऊ बसून राहिले.

अश्विनी आत शिरली आणि मुलांच्या मागून पलीकडे चालू लागली, डाव्या बाजूला. तिकडे भाऊंना डोळा नव्हता. ती त्यांच्या नजरेतून गेली, आणि पुढं ती काय बघते, कशी बघते, तोंडावर हात ठेवते की पळून जाते, ते त्यांना दिसणार नव्हतं. फक्त कोळशाच्या कांड्यांची खरखर ऐकू येत होती. बेल व्हायला वीस मिनिटं होती. मी माझ्या नोकरीत पुष्कळ वेळ वाया घालवला आहे, पण ती वीस मिनिटं मला अजून मिनिटामिनिटानं आठवतात. भाऊंच्या गळ्याची शीर उडत होती. बाकी काही हलत नव्हतं.

अश्विनी निखिलच्या मागे थांबली. आधी तिनं कागदाकडे बघितलं. कागदावर गाल होता तसा होता, ओठ होता तसा होता. मग वर बापाकडे बघितलं. मग कागदाकडे. असं कितीतरी वेळा. शेवटी एक डाँकी रिकामी होती तिच्यावर ती बसली आणि फक्त वर बघत राहिली.

बेल झाली. मुलं उठली, गेली. भाऊ उठेनात. त्यांना वळून बघायचा धीर होत नव्हता. अश्विनी समोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, हे आजून दुखते का जी?"

"थंडीत दुखते," भाऊ म्हणाले.

तेरा वर्षांत त्या घरात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी खडूच्या खुणा पुसायचं नाटक करत होतो, कारण माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि मास्तरला ते शोभत नाही, असं मला तेव्हा वाटायचं.

'बसण्या'चा खुलासा तिनं घरी केला. मूलच्या काकासाठी मी कॉलेजच्या कागदावर लिहून दिलं, की सदर इसम येथे फक्त खुर्चीवर बसतात. सोयरीक टिकली. पण दुपट्ट्याचं काही बोलणं झालं नाही. त्या दिवशी निघताना भाऊंनी तो सवयीनं बांधला आणि तिनंही काही म्हटलं नाही. भाऊंचा निश्चय तिला माहीत नव्हता. आणि ते स्वतःहून सांगणाऱ्यांतले नव्हते.

वैशाखात मी आणि निखिल लग्नाला गेलो. अंगणात जांभळीच्या फांद्यांचा गार मांडव, दोनशे-अडीचशे माणसं, माइकवर रामदास. मी भाऊंना शोधत होतो. ते मांडवात नव्हते, दारात नव्हते. सापडले घरामागे, स्वयंपाकाच्या चुलाण्याजवळ, भाताच्या गंजात उगाच झारा फिरवत. तोंडाला दुपट्टा. असा आवळून बांधलेला की डोळाही जेमतेम दिसावा.

"भाऊ, हे काय?"

"सकारी तोंड धूत होतो, सर. नवरदेवाच्या बहिनीचं लेकरू आलं तिकडं. पाह्यलं अन् असं रडलं, असं रडलं, झटके आल्यावानी. त्याच्या मायची नजर बी..." ते थांबले. "जमत नाई मले. तुमचे पोट्टे वेगरे. ते पाहाले बसतात. हे लोकं जेवाले आले."

मला राग आला. मी म्हटलं, चार महिने कशासाठी आलात मग? एवढी बस, एवढी थंडी, ती वीस मिनिटं? निखिलनं माझा हात धरून मला आवरलं.

"लेकीचा दिवस व्हय," भाऊ म्हणाले. "तिच्या दिवशी लेकरं रडाले नोको."

तेवढ्यात माइकवर पाय धुण्याची घोषणा झाली. रामदास आणि त्याची बायको परात घेऊन बसायच्या तयारीत. आम्हाला मागून मांडवाची एक बाजू दिसत होती. अश्विनी पाटावर होती, मुंडावळ्या बांधलेली. तिनं इकडेतिकडे बघितलं.

"मामा, बाबा कुठी आहे?"

"आहेत ना मांगं, भाताचं पाहून राह्यले. चाल, मुहूर्त जाते."

"बाबाले बलाव."

"अवं पोरी, ठरलं आहे ना आपलं..."

"कोनाचं ठरलं? मले कोनी विचारलं?"

आणि ती उठली. पाटावरून उठलेली नवरी त्या गावानं तोपर्यंत पाहिली नसावी. माइक रामदासच्या हातात तसाच सुरू होता, त्यामुळे हे सगळं मांडवभर ऐकू गेलं. बायकांत एकदम कुजबुज झाली. अश्विनी शालू वर धरून, माणसांच्या मधून, जेवणाच्या पंगतीतून, सरळ चुलाण्याशी आली. भाऊ झारा हातात घेऊन मागे मागे सरकत होते.

"चाला."

"बेटा, मामा धुते ना पाय. माहं तोंड..."

"मी पाह्यलं आहे तुमचं तोंड. पुरं वीस मिन्टं पाह्यलं."

तिनं दुपट्ट्याच्या गाठीला हात घातला. गाठ आवळलेली, तिच्या बोटांत मेंदी आणि अंगठ्या. सुटेना. तिनं मान वाकवली, मुंडावळ्या एका हातानं बाजूला केल्या आणि दातांनी गाठ सोडवली. दुपट्टा माझ्या हातात दिला. बापाचं मनगट धरलं आणि चालू लागली.

मांडवात गेल्यावर काय झालं? व्हायचं तेच झालं. एक लेकरू रडलं. कुणी म्हातारी 'अगा माय' म्हणाली. पुढच्या रांगेतल्या दोघांनी नजरा खाली घातल्या. भाऊ थबकले, आणि अश्विनीनं मनगट सोडलं नाही. नवरदेव गोंधळला होता बिचारा, पण त्यानं उठून सासऱ्यासाठी जागा केली. रामदासनं परात त्यांच्यापुढे सरकवली. भाऊंची बायको शेजारी येऊन बसली, तांब्यातून पाणी घालू लागली. भाऊंनी पाय धुतले. सावकाश, दोन्ही, टाचेपर्यंत. वर मान करून. रडणारं लेकरू थोड्या वेळानं थकलं आणि आईच्या खांद्यावरून टुकूटुकू बघत राहिलं.

पंधरा दिवसांनी भाऊ कॉलेजात आले. परीक्षेचं डोक्याचं चित्र अर्धवट राहिलं होतं. ते पुरं होईपर्यंत, सलग दोन दिवस, ते बसले. अर्धं काम सोडून जाणं त्यांच्या रक्तात नव्हतं. दुसऱ्या दिवशी शेवटची बेल झाल्यावर सदरा घातला आणि म्हणाले, "चालतो आता, सर. उद्यापासून येत नाई."

मी हादरलो. पुढच्या वर्षाचे वर्ग मी त्यांच्या भरवशावर ठरवून बसलो होतो. लग्न झालं, ठीक. पण काम तर आहे, मुलं आहेत, असा मॉडेल मला पुन्हा कुठे मिळणार? मी विनवण्या केल्या. शेवटी चिडून म्हटलं, "भाऊ, तीस-तीस मुलं तुमच्याकडे डोळे लावून बसतात. असं बघणारं कोण मिळणार आहे तुम्हाला?"

ते चप्पल घालत होते. वर बघून हसले, आणि दातांतून ती शिट्टी निघाली.

"आता घरचेच पाह्यतात मले, सर."